अडकलेलं गाडं कसं हललं? तुमचे अनुभव सांगा

माझ्या पीएचडीचं तिसरं प्रकरण 14 महिने तसंच पडून होतं. रोज लॅपटॉप उघडायचा, आधीची दोन पानं वाचायची, एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करायचा आणि मुलीची शाळा सुटायची वेळ झाली की बंद. गाइडचा फोन वाजला की नुसतं स्क्रीनकडे बघत बसायचे, उचलायचे नाही. शेवटी दादरच्या एका अभ्यासिकेत जायला लागले. समोर एमपीएससीवाला मुलगा, 25 मिनिटांचा टायमर लावायचा, मग 5 मिनिटं उठायचा. त्यानेच सांगितलं याला पोमोदोरो म्हणतात, फ्रान्चेस्को चिरिल्लोने 1980 च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर सुरू केलं, इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणजे टोमॅटोच. मी त्याच्याच टायमरवर बसायला लागले. पहिल्या दिवशी चार ओळी, त्यातल्या दोन टाकाऊ, पण नवीन! मला वाटतं टायमरपेक्षा समोर कोणीतरी मान खाली घालून बसलंय याचा जास्त उपयोग झाला.

तुमचं काय अडकलं होतं, कसं सुटलं? सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

*

ही माझ्या बाबांची गोष्ट. लालबागला चाळीत राहायचो, बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही असं ते शेवटपर्यंत सांगायचे. पहिलं वर्षभर पहाटे पाचला उठून दाढी करून गॅलरीत बसायचे, पहिल्या पाळीची सवय. बोलायचे नाहीत कोणाशी. आईने डबे सुरू केले, बारा डबे. एकदा तिचं मनगट सुजलेलं, तिने काही न बोलता कणकेची परात त्यांच्यासमोर सरकवली. बाबा बराच वेळ पिठाकडे बघत बसले, मग पाणी घातलं, जास्त झालं, मग पीठ, मग परत पाणी, शेवटी एवढा मोठा गोळा झाला की शेजारच्या दोन खोल्यांत पोळ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी परात त्यांनी स्वतःच ओढली. गिरणी काही परत मिळाली नाही, ते दुःखही गेलं नाही, पण पुढे डबे पोचवायला तेच जायचे आणि आल्यावर कोण काय म्हणालं ते सांगत बसायचे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझी नोकरी गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी परात काढली, खरंच सांगते.

*

कोड अडकला की मी आईला समजावून सांगतो. ती लसूण सोलता सोलता "मग?" म्हणते. तिसऱ्या "मग?"ला बहुतेक वेळा चूक सापडते.

*

माझं टायमरने सुटलं नसतं. ठाण्याला प्लॅटफॉर्मवर उभा राहून एकामागून एक लोकल सोडायचो, आधी गर्दी आहे म्हणून, नंतर रिकामी आली तरी. घरचे आळस म्हणायचे, मीपण तेच म्हणायचो. बहिणीने 14416 लावून फोन हातात दिला, टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर, फुकट आहे, 24 तास, मराठीत बोलता येतं. तिथून पुढे डॉक्टर, गोळ्या, आठ महिने. नेमकं कधी बरं वाटायला लागलं ते सांगता येत नाही. एक दिवस गाडी आली आणि मी चढलो होतो, मुलुंड मागे गेल्यावर लक्षात आलं.