मदत हवी आहे: पोर्ट फॉरवर्डिंग करूनही घरची वेबसाइट बाहेरून उघडत नाही

मंडळी नमस्कार,

घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून एनजिनएक्स (वेब सर्व्हर) चढवलंय. वेबसाइट फार मोठी नाही. फुलपाखरांचे फोटो आणि त्यांच्या नोंदी, सगळी साधी एचटीएमएल पानं, डेटाबेसची भानगड नाही. होस्टिंग विकत मिळतं हे ठाऊक आहे, तेव्हा तो सल्ला कृपया नको. हे घरूनच करायची हौस आहे.

लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस देऊन राउटरच्या डीएचसीपी रिझर्वेशनमध्ये त्याला १९२.१६८.१.५० हा पत्ता बांधून दिलाय. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे बाहेरून आलेली विनंती घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवायच्या सोयीत (माझ्या राउटरवर त्या पानाचं नाव 'व्हर्च्युअल सर्व्हर' आहे), टीसीपी ८० (साधं एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) त्या पत्त्याकडे वळवलेत. लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये दोन्ही पोर्ट उघडे. एनजिनएक्स नुसतं १२७.०.०.१ वर (लॅपटॉपच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर) नाही, सगळ्या इंटरफेसवर ऐकतंय. ४४३ साठी तूर्त घरगुती, स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट आहे.

आता लक्षणं. वायफायवरच्या फोनवरून १९२.१६८.१.५० टाकलं की साइट झटकन उघडते. राउटरच्या स्टेटस पानावर दिसणारा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) टाकला की माझ्या साइटऐवजी राउटरचंच लॉगिन पान येतं. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तोच पत्ता टाकला की चक्र फिरत राहतं आणि शेवटी टाइमआउट. वैतागून लॅपटॉप डीएमझेडमध्येही टाकून पाहिला, ढिम्म फरक नाही.

ते लॉगिन पान येणं हे कशाचं लक्षण आहे? आणि इंटरनेट कंपनीने पोर्ट अडवलाय की गडबड माझ्याच घरात आहे, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १

आधी डीएमझेड बंद करा. त्यात लॅपटॉपचे सगळेच पोर्ट बाहेरच्यांसमोर येतात, आणि तुम्हाला हवेत फक्त दोन.

लॉगिन पानाचं मनावर घेऊ नका. घरात बसून स्वतःचाच बाहेरचा पत्ता मागितला की पाकीट राउटरपर्यंत जाऊन तिथूनच परत फिरावं लागतं. त्याला नॅट लूपबॅक किंवा हेअरपिन म्हणतात (नॅट म्हणजे घरातले पत्ते आणि बाहेरचा पत्ता यांची राउटरने केलेली अदलाबदल), आणि ते सगळ्या राउटरना जमत नाही. म्हणून चाचणी कायम मोबाइल डेटावरूनच करायची.

टाइमआउट मात्र बोलका आहे. पाकीट लॅपटॉपपर्यंत पोचून तिथे कोणी ऐकत नसतं, तर बहुतेक वेळा लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं असतं. इथे ते वाटेतच गडप होतंय.

आता एकच सांगा. स्टेटस पानावरचा वॅन आयपी कशाने सुरू होतो? आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या एखाद्या साइटवर तोच दिसतो का? पूर्ण पत्ता इथे टाकू नका, पहिले दोन आकडे पुरेत.

धागाकर्ता

डीएमझेड बंद केलं. राउटरवर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता आहे. बाहेरची साइट भलताच दाखवते. तो बाहेरचा टाकूनही पाहिला, तिथेही टाइमआउटच.

प्रतिसाद २

मग राउटरमध्ये कितीही नियम लिहा, उपयोग शून्य. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा सीजीनॅटसाठी, म्हणजे कंपनीच्या पातळीवरच्या नॅटसाठी, राखून ठेवलेला आहे (आरएफसी ६५९८ हा इंटरनेट मानकांचा दस्तऐवज, २०१२). आयपीव्ही४ पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या नॅटवर थडकते, आणि ती तुमच्याकडे पाठवायची हे सांगणारा नियम तिथे नाही. तो लिहिणं तुमच्या हातातही नाही.

वॅन आयपी १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ यातला असता, तर आधी घरातच दुसरं नॅट शोधायला सांगितलं असतं. म्हणजे कंपनीचा मोडेम राउटरगिरी करतोय आणि त्यामागे तुमचा राउटर. तिथे मोडेम ब्रिज मोडला टाकून (त्याची राउटरगिरी बंद करून) भागतं. तुमचं प्रकरण ते नाही. कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा. स्टॅटिकच हवा असं नाही, बदलता असला तरी डायनॅमिक डीएनएसने (पत्ता बदलला की डोमेनची नोंद आपोआप बदलणाऱ्या सोयीने) निभतं. नाहीच दिला तर टनेल. लॅपटॉप स्वतःहून बाहेर जोडणी करतो आणि लोक त्याच वाटेने आत येतात, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. भाड्याचा छोटा सर्व्हर आणि वायरगार्ड (व्हीपीएन), किंवा क्लाउडफ्लेअर कंपनीचं टनेल.

प्रतिसाद ३

आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, भरपूर मोठी पद्धत) मिळत असेल तर एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? तिथे नॅटच नाही. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये ४४३ उघडायचा, डोमेनला एएएए रेकॉर्ड (नावामागचा आयपीव्ही६ पत्ता सांगणारी नोंद) द्यायचा, झालं.

प्रतिसाद २ (पुन्हा)

झालं कसं? ज्यांच्याकडे फक्त आयपीव्ही४ आहे त्यांना साइट दिसणारच नाही. आणि लिनक्स प्रायव्हसीसाठी तात्पुरते आयपीव्ही६ पत्ते बदलत राहतं, एएएएमध्ये चुकून तो गेला तर उद्या साइट गायब. जोडीला ठेवा, भिस्त त्यावर नको.

धागाकर्ता

कंपनीला फोन केला. पहिल्या बाईंनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं (हे येणारच होतं), पुढच्या माणसाला 'सार्वजनिक आयपी' म्हटल्याबरोबर कळलं. आता राउटरवर आणि बाहेर एकच पत्ता दिसतो, बदलता आहे.

मोबाइल डेटावरून ४४३ उघडतोय! सर्टिफिकेटची कुरकुर होते, पण फुलपाखरं दिसतात. ८० मात्र अजून टाइमआउट. लॅपटॉपवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) लावून फोनवरून हाक मारली, ४४३ ला भराभर ओळी सरकतात, ८० ला एकही नाही.

प्रतिसाद १

दोष कंपनीला देण्याआधी बाहेरचा ८०८० आतल्या ८० कडे वळवा आणि पुन्हा बघा. शिवाय राउटरचं 'रिमोट मॅनेजमेंट' चालू आहे का? असलं तर ८० त्यानेच धरून ठेवलेला असू शकतो. चालू असेल तर तसंही बंदच करा.

धागाकर्ता

रिमोट मॅनेजमेंट बंदच होतं. ८०८० ने साइट उघडली. म्हणजे ८० वरच अडतोय. पण लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट घ्यायला ८० लागतो ना?

आणखी एक. ४४३ उघडून तास होत नाही तोच लॉगमध्ये कोण कुठले वर्डप्रेसचं लॉगिन पान मागतायत. माझ्याकडे वर्डप्रेस नाहीच!

प्रतिसाद २

डोमेन तुमचंच आहे हे लेट्स एन्क्रिप्ट वेगवेगळ्या प्रकारे तपासतं, आणि ८० फक्त त्यातल्या एचटीटीपी-०१ तपासणीला लागतो. डीएनएस-०१ घ्या. त्यात डोमेनला एक टीएक्सटी रेकॉर्ड लावून मालकी सिद्ध होते, एकही पोर्ट उघडा लागत नाही. डोमेनवाल्याकडे एपीआय (प्रोग्रामला नोंदी बदलू देणारी सोय) असेल तर नूतनीकरणही आपोआप. एपीआय नसेल तर ४४३ वरच चालणारी टीएलएस-एएलपीएन-०१ आहे, पण सर्टबॉट या सर्टिफिकेट आणणाऱ्या प्रोग्रामला ती येत नाही. एनजिनएक्सऐवजी कॅडी हा वेब सर्व्हर बसवलात तर तो ती स्वतःच करतो. ८०८० चा नियम काढून टाका, आणि दुवा देताना एचटीटीपीएससकट द्या.

लॉगमधले ते बॉट. पत्ता दिसला की सगळीकडे तेच विचारत फिरतात, तुमच्यासारख्या साध्या पानांच्या साइटवर त्यांना ४०४ ('पान सापडलं नाही') मिळतं आणि ते पुढे जातात. एसएसएचचा (दुरून लॉगिन करायचा) पोर्ट २२ मात्र फॉरवर्ड करू नका. बाहेरून लॅपटॉपवर जायचंच असेल तर वायरगार्ड लावा. आणि राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, नाहीतर घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता पोर्ट उघडून बसेल.