मोत्याला आकडा नाही
प्रसिद्ध चित्राची नक्कल हाताने रंगवलेली असली की प्रिंटपेक्षा सरसच, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. चित्रकाराने कशावरून काढलंय ते आधी विचारा. डच चित्रकार व्हर्मीरच्या मोतीवाल्या मुलीची अशी नक्कल मी मागवली होती. मूळ चित्र जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटीमीटर, आणि तो मोती म्हणजे रंगाचे दोन-चार फटकारे. कानात अडकवायला आकडासुद्धा नाही. माझ्या नकलेत आकडा आलाय, मोती गुळगुळीत गोटी झालाय आणि त्यातली चमक गेलीय. फार हळहळ वाटली.

गोव्यात राहणाऱ्यांनी ऑर्डर देण्याआधी पणजीला फोंतेन्हासमध्ये फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडचा, गोव्याचे चित्रकार त्रिंदाद (१८७०–१९३५, जन्म सांग्याचा) यांच्या चित्रांचा संग्रह बघावा. त्यांच्या व्यक्तिचित्रांत गालावरचे ब्रशचे फटकारे जवळून पाहिलेत की नकलेत काय मागायचं ते कळतं.