ऑटिझम असलेल्या मुलांच्या शाळेसाठी पैसे उभे करताना तुम्हाला आलेले अनुभव लिहा

बरेच दिवस डोक्यात होतं, आज बसून लिहितेच. माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, अगदी मोजकं बोलतो. तो जातो ती शाळा आम्ही काही पालकांनी मिळून सुरू केली आणि गेली 9 वर्षं तिच्यासाठी पैसे मागायचं काम माझ्याकडे आहे. मागायचं हाच शब्द वापरते, कारण तेच करतो आपण.

अशी शाळा वेगळी का लागते, तिला एवढा खर्च का येतो हे सांगताना दरवेळी दमछाक होते. आमच्याकडे दोन मुलांमागे एक शिक्षक, काहींना तर पूर्ण वेळ एकाला एक. शिवाय बोलायला शिकवणारे स्पीच थेरपिस्ट, रोजची कामं आणि हालचाली जमवून देणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. सगळा खर्च फीमधून काढायचा म्हटलं तर निम्म्या मुलांना घरी बसावं लागेल, म्हणून हा सगळा खटाटोप.

एक प्रसंग सांगते म्हणजे पैसे कुठे जातात ते कळेल. लेक 5 वर्षांचा असताना काही हवं असलं की माझं मनगट धरून ओढत न्यायचा आणि मला नाहीच कळलं तर भिंतीवर डोकं आपटायचा. शाळेत त्याला चित्रांची कार्डं देऊन मागायला शिकवलं, पेक्स म्हणतात ती पद्धत, 1985 मध्ये अमेरिकेत डेलावेअरमध्ये तयार झालेली. त्यात सुरुवातीला एका मुलाला दोन माणसं लागतात, एक समोर, जिच्या हातात मुलानं कार्ड द्यायचं, आणि दुसरी मुलाच्या मागे, जी एक शब्द न बोलता त्याचा हात कार्डापर्यंत नेते. आठवडेच्या आठवडे हे चाललं. आणि एका संध्याकाळी घरी त्यानं कार्डांच्या वहीवरून चेंडूचं कार्ड उपटलं, वेल्क्रो सुटल्याचा चर्र आवाज आला, आणि ते त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. मला दोन सेकंद कळेचना काय झालं. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, चेंडूकडेही नाही, माझ्या हाताकडे बघत होता. अजून कुठेही वेल्क्रोचा आवाज आला की मी वळून बघते.

तर ती मागे बसलेली, कुठल्याच फोटोत न दिसणारी बाई, तिच्या पगारासाठी पैसे मिळवणं सगळ्यात अवघड आहे. झोपाळा, व्हॅन, रंगवलेल्या भिंती यांना देणारे भेटतात हो. पगाराचं नाव काढलं की लोक विचारात पडतात.

तुम्ही निधी गोळा केला असेल, दिला असेल, द्यायला नाही म्हटलं असेल, अशा शाळेत शिकवत असाल किंवा शिकला असाल, तर लिहा. संस्थांची नावं आणि रकमा नकोत, काय घडलं ते लिहा.

*

(9 वर्षांच्या मुलीचा बाबा)

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी पळालो. फुल मॅरेथॉन, 42 किलोमीटर, त्याआधी 5 सुद्धा कधी सलग पळालो नव्हतो. सुरुवातीला फोनमधल्या सगळ्यांना एकच मेसेज टाकला, कृपया मदत करा वगैरे, जवळजवळ कुणीच उत्तर दिलं नाही. मग बायको म्हणाली की असा सगळ्यांना मिळून मागितलेला पैसा कुणाचाच नसतो. मग एकेकाला वेगळं लिहिलं आणि हिशेब सोपा केला, एक किलोमीटर म्हणजे एका मुलाला एक तास स्पीच थेरपी, तुम्ही कितवा किलोमीटर घेताय ते सांगा. 9 दिवसांत 42 च्या 42 गेले. लोक भांडले अक्षरशः शेवटच्या किलोमीटरसाठी! पळताना दंडावर यादी चिकटवली होती, 33 व्याला पाय उचलेना तेव्हा बघितलं तर तो शेजारच्या काकूंनी घेतलेला, मग थांबता कसं येणार.

पण खरं ते पुढेच आहे. 42 तास म्हणजे आठवड्याला दोन धरले तर 21 आठवडे. बाविसाव्या आठवड्यात थेरपिस्ट मॅडमनी विचारलं पुढे काय करायचं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगी तेव्हा कुठे दोन शब्द जोडायला लागली होती. मग मी त्याच 42 लोकांकडे परत गेलो आणि म्हटलं पळणार नाहीये आता, नुसतं दर महिन्याला थोडं थोडं द्याल का, जमेल तेवढं. 17 जण हो म्हणाले. त्या 17 जणांवर आमचं तिसरं वर्ष चालू आहे.

*

(स्पेशल एज्युकेटर, 16 वर्षं)

दादांनी लिहिलं ते वाचून राहवलं नाही. मी आधी ज्या शाळेत होते तिथे एका मोठ्या देणगीतून सेन्सरी रूम झाली, म्हणजे प्रकाश, स्पर्श, हालचाल यांनी मुलांना शांत करायची खोली. पाण्याचे बुडबुडे वर जाणारा उंच दिवा, मऊ भिंती, वजनदार ब्लँकेट्स, छतावर तारे. उद्घाटन झालं, फोटो झाले. आणि पुढल्या टर्मला ऑक्युपेशनल थेरपिस्टचा पगार परवडेना म्हणून त्या गेल्या. आता ती खोली वापरायची कशी हे माहीत असायला लागतं हो, एका मुलाला ज्या झोक्यानं शांत वाटतं त्याच झोक्यानं दुसरं पोर सैरभैर होतं, कुणाला किती वेळ, कशानंतर काय, हे बघणारं माणूसच नाही. आम्ही थोडे दिवस आपल्या परीनं केलं, मग खोलीला कुलूप लागलं.

त्याच वर्षी वर्गातल्या माझ्या जोडीच्या ताई पण सोडून गेल्या, त्यांना दुसरीकडे दुप्पट मिळत होतं, त्यांना मी दोष देणार नाही. आमच्या वर्गात 7 वर्षांचा एक मुलगा होता. रोज सकाळी हजेरीच्या फळ्यावर तो सगळ्यांचे फोटो लावायचा, हे त्याचं काम. ताई गेल्यावर आम्ही त्यांचा फोटो डब्यातून काढून ठेवला. त्यानं डबा उपडा केला, एकेक फोटो पालथा करून बघितला, मग फळ्यावर त्यांची जागा रिकामी ठेवून बाकीचे सगळे नीट लावले, आणि जाऊन दारात बसला. रोज. नवीन ताईंचा फोटो त्या जागी लावला की काढून खाली ठेवायचा. 4 महिने लागले. शौचालयाला जायचं असलं की कार्ड दाखवायचा तेही या काळात बंद झालं, ते पुन्हा पहिल्यापासून.

साध्या शाळेतही शिक्षक बदलतात, मुलं चार दिवसांत रुळतात. आमच्या मुलांसाठी ओळखीचं माणूस हाच निम्मा अभ्यासक्रम असतो. म्हणून कुणी विचारलं शाळेला काय देऊ, तर मी म्हणते माणसं टिकवायला द्या.

*

(एका मुलाची मावशी)

आमची चूक सांगते, इतरांनी करू नये म्हणून. शाळेच्या मदतीसाठी आम्ही मोठा कार्यक्रम ठेवला, वाद्यवृंद, निवेदक, भरपूर गर्दी. ज्यांच्यासाठी कार्यक्रम ती मुलं पहिल्या रांगेत. पहिला ढोल वाजला आणि भाचा खुर्चीखाली शिरला, दोघी मुली कान दाबून किंचाळायला लागल्या. लोकांना वाटलं मुलं अशीच असतात. नाही हो, आवाजानं त्यांना खरंच दुखत होतं. पुढच्या वर्षी चित्रप्रदर्शन केलं, सकाळचे दोन तास माईक नाही, झगमग दिवे नाहीत, एका वेळी थोडेच लोक आत. देणगी पहिल्या वर्षापेक्षा थोडी कमी आली पण खर्चच नव्हता त्यामुळे शाळेच्या हातात जास्त पडली. आणि भाचा पूर्ण दोन तास स्वतःच्या चित्राशेजारी उभा होता.

*

(मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय 27)

मला बोलताना अडकायला होतं पण टाइप करता येतं. अशाच एका शाळेत मी 8 वर्षं होतो. तिथे मला काम कसं करायचं ते शिकवलं. डावीकडून काम घ्यायचं, संपलं की उजवीकडच्या टोपलीत टाकायचं, डावीकडचं संपलं म्हणजे आजचं संपलं. मी आता डेटा एंट्रीचं काम करतो आणि माझं टेबल अजून तसंच लावतो. त्या शाळेचे माझ्यावर उपकार आहेत हे आधी लिहितो.

19 वर्षांचा असताना मला नेटवर माझा एक फोटो सापडला. मी 8-9 वर्षांचा, कानावर हात, तोंड रडून लाल. खाली मदतीचं आवाहन. तो दिवस मला आठवतो. वर्गातला पंखा खडखडत होता आणि मला ते सांगता येत नव्हतं. कुणीतरी फोटो काढला, पंखा बंद केला नाही. तो फोटो किती लोकांनी पाहिला मला माहीत नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. आईबाबांना विचारलं होतं, त्यांनी शाळेसाठी हो म्हटलं.

1963 मध्ये इंग्लंडमधल्या ऑटिस्टिक मुलांच्या पालकांच्या संस्थेनं जिगसॉ कोड्याचा तुकडा हे आपलं चिन्ह म्हणून घेतलं, त्यात एक रडणारं मूल होतं. इतकी वर्षं झाली आणि पैसे मागायचे म्हटलं की अजून रडणारं मूलच दाखवतात. माझी विनंती आहे की आमचं काम दाखवा. आमच्या दिवसाच्या वेळापत्रकाची पट्टी दाखवा, टोपली दाखवा, हात दाखवा. चेहरा दाखवायचा असेल तर आम्हाला विचारा, बोलता येत नसेल तर कार्ड देऊन विचारा. आणि बरं करण्यासाठी पैसे द्या असं लिहू नका. मी आजारी नाही. मला शिकायचं होतं.

*

(धागाकर्ती)

दादा, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. आमच्या शाळेच्या माहितीपत्रकावर माझ्याच मुलाचा फोटो आहे, रडतानाचा नाही, पण त्याला विचारलं नव्हतं हे खरं. उद्या त्याच्यासमोर दोन फोटो ठेवून विचारते.

*

(एका शाळेचे खजिनदार, निवृत्त)

हिशेबाची बाजू लिहितो, कंटाळवाणी वाटेल पण शाळा इथेच बुडतात. देणगीदारानं व्हॅनसाठी म्हणून पैसे दिले तर ते व्हॅनलाच वापरायचे, पगार थकले म्हणून तिकडे वळवायचे नाहीत, एकदा वळवले की विश्वास गेला. म्हणून मागतानाच पत्रात एक ओळ घालायची, शाळेला जिथे सर्वाधिक गरज असेल तिथे वापरण्यास संमती. दुसरं, मोठ्या देणगीवर डोळा ठेवून नवीन वर्ग उघडू नये. कंपन्यांची मदत बहुधा वर्षापुरती असते आणि मूल शाळेत 10-12 वर्षं असतं. आमच्याकडे एका मोठ्या देणगीदारानं अचानक हात आखडता घेतला तेव्हा 6 महिन्यांचे पगार बाजूला ठेवलेले होते म्हणून एकाही मुलाला घरी पाठवावं लागलं नाही. तो राखीव पैसा बघून पूर्वी काही जण म्हणायचे की तुमच्याकडे आहेत की पैसे, मग मागता कशाला. त्यांना मी मुलांची यादी दाखवायचो.

*

(एक वाचक)

लोकांनी तुटकी खेळणी आणून टाकू नयेत एवढंच लिहिते. 3 पोती आम्ही निवडत बसलो होतो.

*

(एक वाचक)

मी नाही म्हटलं होतं, म्हणून लिहितो. माझं मत होतं आणि आहे की हे सरकारचं काम आहे. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार 2006 चा आहे, त्याच्या 24 व्या कलमात शिक्षणाचा हक्क स्पष्ट लिहिलाय. हक्काची गोष्ट देणगीवर का चालावी? आपण देत राहिलो तर सरकार कधीच करणार नाही असं मला वाटतं.

*

(धागाकर्ती)

दादा, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि तरीही मी मागत राहणार. का ते सांगते. लंडनमध्ये 1962 साली पालकांनीच संस्था काढली, त्यात लॉर्ना विंग होत्या, मानसोपचारतज्ज्ञ आणि स्वतः ऑटिस्टिक मुलीची आई. अशी मुलं शिकूच शकत नाहीत असं समजायचे तेव्हा. सिबिल एल्गर नावाच्या बाई आपल्या घरी त्यांना शिकवून दाखवत होत्या. 1965 मध्ये संस्थेनं ईलिंगला शाळा काढली ती एल्गरबाईंना घेऊन. आधी शाळा उभी राहिली, मग जगाला पटलं. तिकडे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉप्लर यांनी पालकांना बरोबर घेऊन काम केलं, तेही आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं असं सर्रास म्हणत होते त्या काळात, आणि 1972 मध्ये तिथल्या विधिमंडळानं कायदा करून तो कार्यक्रम राज्यभर नेला, टीच नावानं. वर त्या दादांनी डावीकडून उजवीकडे काम लिहिलंय ना, ते तिथलंच. म्हणजे सरकारला भाग पाडायचं तर दाखवायला चालती शाळा लागते, आणि ती चालती ठेवायला पगार लागतात. शिवाय माझा मुलगा 14 चा झाला. त्याचं बालपण कायदा होईपर्यंत थांबलं नाही.

तुम्ही पैसे नका देऊ, पण हे कलम 24 वगैरे नीट मांडणारं निवेदन लिहून द्याल का आम्हाला? आमच्यापैकी कुणाला तसं लिहिता येत नाही.

*

(तेच वाचक)

देतो. मसुदा करून पाठवतो.

*

(4 वर्षांच्या मुलाची आई)

सगळं वाचलं, रडले पण. आम्ही 6 पालक मिळून छोटा वर्ग सुरू करायच्या विचारात आहोत, जागा मिळतेय, एकांनी फर्निचर देऊ केलंय. पहिले पैसे कशासाठी जमवावेत?

*

(स्पेशल एज्युकेटर, 16 वर्षं)

एका शिक्षिकेचा वर्षभराचा पगार. फर्निचर घ्याच, पण वर्ग तो पगार बाजूला पडल्यावर उघडा.

*

(4 वर्षांच्या मुलाची आई)

बरं. आमच्यातल्या तिघांनी दर महिन्याचं कबूल केलंय. बाकीच्यांना आज रात्री फोन करते.