बिगरहंगामातला कोळसा बंद करायचा आहे: वीज आणि वाफ फक्त बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) कशी बसवावी?

गव्हाण_५०००:
नमस्कार मंडळी. आमच्या साखर कारखान्याचं गाळप रोज ५,००० टन ऊस, हंगाम १३० दिवस. बॉयलर ८७ ऐटा दाबाचा, वाफ ५१५ अंश, टर्बाईन एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग (थोडी वाफ मधूनच कारखान्याला देणारं, उरलेली थंड करून पाणी करणारं). प्रोसेसला (साखर बनवायला) उसाच्या वजनाच्या ४५ टक्के वाफ जाते. हंगाम संपल्यावर डिस्टिलरीला ८० दिवस ताशी २५ टन वाफ लागते. त्यासाठी किलोला ४,२०० किलोकॅलरी उष्णता देणारा सुमारे ९,००० टन कोळसा जळतो, म्हणजे १५,००० टन कार्बन डायऑक्साइड. तो शून्यावर आणायचा आहे. बगॅस वाचवावं की पाचट (उसाची वाळलेली पानं) आणावं?

बॉइलिंग_हाऊस:
साहेब, आधी वाफ धरा. ४५ वरून ३८ टक्क्यांवर आलात तर ताशी २२७ टन गाळपावर (दिवसाचे २२ तास धरून) १६ टन वाफ वाचते. किलोभर बगॅसला २.३ किलो वाफ धरली तर ताशी सात टन बगॅस, हंगामाअखेर २०,००० टन. एक टन कोळशाच्या जागी दोन-सव्वादोन टन बगॅस लागतं, तेव्हा तुमची गरज यातच भागते.

पण संचालक मंडळाला आधीच सांगून ठेवा: ही १६ टन वाफ टर्बाईनमधून जायची थांबली की हंगामातली वीज जवळपास ३ मेगावॉटने घटते. नंतर कळलं तर खापर प्रकल्पावरच फुटतं.

काम असं: पाच बॉडींच्या सेटवर (रस आटवणारी एकामागून एक जोडलेली भांडी) कच्चा रस आधी शेवटच्या बॉडीच्या व्हेपरवर (रसातून निघणाऱ्या वाफेवर) ४५ अंशांपर्यंत, मग चौथीच्या व्हेपरवर ७० पर्यंत न्यायचा. सल्फायटेशननंतरचा (गंधकाच्या वायूने शुद्ध केलेला) रस तिसरीवर आणि दुसरीवर १०२-१०३ पर्यंत. पॅन (पाक उकळून साखरेचे दाणे बनवणारी भांडी) दुसऱ्या बॉडीच्या व्हेपरवर घ्यायचे. एक्झॉस्ट (टर्बाईनमधून आलेली वाफ) फक्त पहिल्या बॉडीला आणि क्लिअर ज्यूसच्या (निवळलेल्या रसाच्या) शेवटच्या हीटरला.

बिघडतं ते पॅनवर. दोन बॅच पॅन एकदम सुरू झाले की व्हेपरचा दाब कोसळतो, रस १०० च्या खाली येतो आणि क्लॅरिफायरमध्ये (रस निवळायच्या टाकीत) गाळ नीट बसत नाही. मग शिफ्टवाला एक्झॉस्टचा मेकअप व्हॉल्व्ह (कमी पडलेली वाफ भरून काढणारा) थोडा उघडतो आणि तो तसाच उघडा राहतो. कागदावर ३८ टक्के आणि प्रत्यक्षात ४३, याचं कारण बहुतेक वेळा हाच एक व्हॉल्व्ह असतो. त्या लाइनवर फ्लो मीटर बसवा आणि आकडा कंट्रोल रूममध्ये दिसू द्या.

यार्ड_सुपरवायझर:
२०,००० टन बगॅस पावसाळ्यात टिकवणं सोपं समजू नका. ५० टक्के ओलाव्याला उष्मांक किलोला २,२७० किलोकॅलरीच्या आसपास असतो. ओलावा एक टक्का वाढला की ४६ किलोकॅलरी जातात. ६० टक्क्यांवर गेलेलं बगॅस शेगडीवर ढीग करून बसतं आणि भट्टी धडधडायला लागते. ढिगाला कौलारू घरासारखा उतार द्या, भोवती चर खणा, वर ताडपत्री. आधी रचलेलं आधी जाळा. आत लोखंडी सळई खुपसून तासाभराने काढा. हात लावून धरवत नसेल तर तो भाग त्याच दिवशी उपसा.

पाचट_बेलर:
पाचटाचा ओलावा १०-१५ टक्के, उष्मांक ३,००० च्या वर, त्यामुळे मोह होतो. पण त्यात पोटॅश आणि क्लोरीन बगॅसपेक्षा बरंच जास्त. प्रमाण वाढलं की राख मऊ होऊन सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्यांवर चिकटते, तिच्याखाली धातू गंजून झिजतो. वजनाने १० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. पाचट गोळा करणाऱ्या रेकचे दाते जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर वर ठेवा, नाहीतर गठ्ठ्यात मातीच येते. आणि गठ्ठ्याची नायलॉन सुतळी श्रेडरआधी काढलीच पाहिजे. फीडरच्या शाफ्टला गुंडाळली की फीड बंद.

एक कळकळीची विनंती: खोडवा ठेवायचा असेल त्या रानातलं पाचट उचलू नका. ते आच्छादन आहे, पाणी धरतं आणि जमिनीला सेंद्रिय कर्ब देतं. जे रान मोडायचंय तिथलंच घ्या.

गव्हाण_५०००:
धन्यवाद. कंटिन्युअस पॅन (न थांबता चालणारे) यंदा फक्त बी आणि सीला (दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या पाकाला) शक्य आहेत, ए (पहिल्या फेरीचे) बॅचच राहतील. तरी गणित बसेल का?

बॉइलिंग_हाऊस:
ए पॅन एकामागून एक सोडण्याचं वेळापत्रक पाळलंत तर ४०.५ टक्के वाफ धरा. त्यातून १२,७०० टन बगॅस निघतं. उरलेल्या सात हजारांसाठी ४,५०० टन पाचट पुरे. एकरी तीन टन धरलं तर मोडणाऱ्या रानांपैकी दीड हजार एकर. मात्र ते साठवू नका. हंगामातच रोजच्या बगॅसमध्ये तीन टक्क्यांच्या आत मिसळून जाळा आणि त्यामुळे वाचलेलं बगॅस यार्डात पाठवा. पाचट पावसात भिजायचा प्रश्न मिटतो आणि सुपरहीटरवरही ताण येत नाही.