मदत हवी आहे: मॉडेल जेटच्या टाकीतील इंधननळी, विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकणारी कोणती?

नमस्कार.

माझ्या टर्बाइनच्या मॉडेल जेटमधील मुख्य टाकीच्या आतली नळी दोन हंगामांत दुसऱ्यांदा निकामी झाली आहे. तिच्या जागी काय घालावे, याबद्दल ज्यांनी हे प्रत्यक्ष वापरून पाहिले आहे अशा मंडळींचा सल्ला हवा आहे. ‘मिळेल ती घाला आणि दरवर्षी बदला’ असे उत्तर मला एका दुकानात मिळाले. ते अगदीच चुकीचे नाही; पण माझ्या विमानात टाकी अशा जागी बसवलेली आहे की ती बाहेर काढायची म्हणजे बॅटरीची फळी, हवेच्या टाक्या आणि चाके आत-बाहेर करणारे व्हॉल्व्ह, एवढे सगळे आधी उतरवावे लागते आणि पूर्ण रविवार त्यात जातो.

आधी मांडणी सांगतो. इंजिन १०० न्यूटन वर्गातले असून पूर्ण थ्रॉटलला ते मिनिटाला सुमारे ३५० मिलिलिटर इंधन पिते. मुख्य टाकी अडीच लिटरची, केव्हलारची आहे. तिच्यातून इंधन १२० मिलिलिटरच्या, बुडबुडे अडवणाऱ्या छोट्या टाकीत येते, तिथून पंपात आणि पंपातून इंजिनात जाते. इंधन म्हणून पांढरे रॉकेल आणि त्यात ५ टक्के टर्बाइन तेल वापरतो. पंपापासून इंजिनापर्यंतची ४ मिलिमीटर बाह्य व्यासाची पॉलियुरेथेनची नळी आणि तिची दाबून बसणारी जोडणी यांनी आजवर कधी त्रास दिलेला नाही, त्यामुळे त्या भागाविषयी माझा काही प्रश्न नाही. प्रश्न आहे तो टाकीच्या आतल्या, क्लंकला (नळीच्या टोकाचे ते वजन, जे इंधन सरकेल तिकडे सरकून शोषणाचे तोंड बुडालेले ठेवते) जोडलेल्या त्या वीतभर नळीचा.

मागच्या हिवाळ्यात काय घडले ते थोडक्यात असे. चौथ्या मिनिटाला उंचावरून खाली झेपावत धावपट्टीवरून वेगाने पास घेतला आणि नाक वर करून चढू लागलो, तोच इंजिन विझले. विमान शेजारच्या तुरीच्या शेतात उतरवावे लागले. पुढचे चाक वाकले, बाकी नशिबाने वाचले. टाकी उघडल्यावर तिच्यात जवळपास निम्मे इंधन शिल्लक होते, मात्र क्लंक मागच्या तळाशी असण्याऐवजी नळीसकट पुढे वळून वरच्या बाजूला अडकून बसलेला होता. झेप घेताना तो पुढे गेला आणि चढताना इंधन मागे आले तरी नळी ताठ असल्यामुळे तो परत मागे आलाच नाही, असा माझा अंदाज आहे. छोट्या टाकीतले १२० मिलिलिटर म्हणजे पूर्ण थ्रॉटलला वीस सेकंदांची शिदोरी. तेवढे संपल्यावर पंपाला हवेखेरीज काही मिळाले नसणार. ही नळी पिवळसर, पारदर्शक, मऊ पीव्हीसीच्या जातीची होती. तिच्यावर कसलेही छापील नाव नव्हते. बसवताना ती शेवयांसारखी लवचीक होती आणि बाहेर काढली तेव्हा तुऱ्हाटीसारखी कडक झालेली होती.

असे का होते, याचे मला समजलेले कारण मांडतो. चुकत असल्यास कृपया दुरुस्त करावे. पीव्हीसी मुळात कडक असते आणि तिला मऊपणा येतो तो तिच्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. रॉकेल हे द्रव्य हळूहळू बाहेर ओढून घेते आणि त्याच्या जागी स्वतः शिरते, म्हणून नळी इंधनात बुडालेली असेपर्यंत फारसा फरक जाणवत नाही. आपण उड्डाणे संपवून टाकी रिकामी केली आणि विमान दोन महिने ठेवून दिले, की आत शिरलेले रॉकेल उडून जाते, मूळ द्रव्य तर आधीच गेलेले असते, आणि मागे उरते ती आखडलेली, कडक नळी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि माझे विमान पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत असते, तेव्हा ही क्रिया इथे अधिक वेगाने होत असणार.

सिलिकॉनची नळी मेथॅनॉलच्या इंजिनांसाठी उत्तम, पण रॉकेलमध्ये ती फुगते. मी एक तुकडा काचेच्या बरणीत बुडवून पाहिला, तर दुसऱ्या दिवशी तो पितळी नळीवरून आपोआप घसरू लागला होता. निओप्रीनही रॉकेल शोषून थोडे फुगते, असे वाचले आहे. राहता राहिले व्हायटन. ड्युपाँ कंपनीने १९५७ साली बाजारात आणलेल्या फ्लुओरिनयुक्त रबराचे हे व्यापारी नाव, आणि इंधनाला ते दाद देत नाही याबद्दल सगळ्यांचे एकमत दिसते. मात्र ते महाग आहे. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या औद्योगिक रबराच्या दुकानात ‘व्हायटन’ म्हणून दाखवलेली काळी नळी आणि तिथलीच साधी नायट्राइलची काळी नळी यांत मला तरी डोळ्यांनी काही फरक कळला नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे. टाकीच्या आत व्हायटन घातल्यास क्लंक मोकळेपणाने फिरण्याइतकी लवचीकता त्यात खरोखर असते का, ३ मिलिमीटर आतील व्यास या इंजिनाला पुरेल की ४ घ्यावा, आणि विकत घेतलेली नळी अस्सल आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे? शिवाय हंगाम संपल्यावर टाकी भरलेली ठेवावी की रिकामी, याविषयीही मतभेद ऐकले आहेत.

प्रतिसाद १

आपले निदान मला बरोबर वाटते. मी पुण्याजवळ बरीच वर्षे टर्बाइन उडवतो आणि सध्या माझ्या तिन्ही विमानांच्या टाक्यांमध्ये व्हायटन आहे.

अस्सलपणाची परीक्षा तराजूवर करा, कारण फ्लुओरिनमुळे हे रबर चांगलेच जड असते. नायट्राइल रबराची घनता मिश्रणानुसार घन सेंटिमीटरला साधारण १.१५ ते १.३ ग्रॅम असते, तर व्हायटनची १.८ किंवा त्याहून अधिक. आतील व्यास ३ आणि बाहेरील ६ मिलिमीटर असलेल्या नळीचा बरोबर १० सेंटिमीटरचा तुकडा कापला, तर त्यातील रबराचे आकारमान सुमारे २.१ घन सेंटिमीटर भरते. म्हणजे तो तुकडा व्हायटनचा असल्यास त्याचे वजन पावणेचार ग्रॅमच्या पुढे जायला हवे; अडीच-पावणेतीन ग्रॅम भरले तर दुकानदाराला हसून नमस्कार करावा आणि बाहेर पडावे. जाळून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. फ्लुओरिनचे रबर जळताना निघणारा धूर अत्यंत विषारी असतो.

लवचीकतेबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. व्हायटन कडक होत नाही हे खरे असले, तरी पूर्ण वीतभर नळी मऊच ठेवली तर क्लंक पुढे दुमडून अडकण्याची शक्यता तिच्यातही राहते, किंबहुना नवी नळी जास्त सहज दुमडते. म्हणून मी मधला भाग पितळी नळीचा ठेवतो आणि तिच्या दोन्ही टोकांना चार-पाच सेंटिमीटर व्हायटन जोडतो. त्यामुळे क्लंक बाजूंना आणि वर-खाली फिरतो, पण पूर्ण उलटा होऊन पुढे जाऊ शकत नाही. झेपेच्या त्या दोन-चार सेकंदांत त्याने हवा ओढली, तर तेवढ्यासाठी आपली छोटी टाकी आहेच. क्लंक आणि मागची भिंत यांत बोटाच्या निम्म्या जाडीएवढे अंतर राहू द्या, नाहीतर तो भिंतीला घासत राहतो.

व्यास ४ मिलिमीटर घ्या. ३५० मिलिलिटरला ३ मिलिमीटरची नळी पुरेल, पण इंधन संथ वाहत असेल तर त्याच प्रवाहासाठी लागणारा दाबातील फरक व्यासाच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणजे ४ मिलिमीटरला तो ३ मिलिमीटरच्या तुलनेत एकतृतीयांशाहूनही थोडा कमी होतो. शोषणाच्या बाजूला पंपाला जितके कमी ओढावे लागेल तितके बुडबुडे कमी. वजनाच्या परीक्षेसाठी मात्र त्या मापाचे आकारमान नव्याने काढा.

जोडाबद्दल आपण विचारले नाही, पण माझ्या पाहण्यात नळीपेक्षा जोडच अधिक वेळा दगा देतात. शोषणाच्या बाजूचा जोड सैल असला तर बाहेर थेंबही गळत नाही, फक्त हवा आत जाते, म्हणून तो सापडत नाही. पितळी नळीच्या टोकाशी तांब्याच्या तारेचे एक कडे डाग देऊन बसवा, कापलेल्या कडेचा आतला-बाहेरचा धारदार काठ घासून काढा, आणि व्हायटन चढवल्यावर कड्याच्या मागे मऊ तारेचे दोन वेढे देऊन पीळ द्या. नायलॉनची पट्टी एवढ्या बारीक नळीवर पूर्ण गोल आवळली जात नाही. तिच्या डोक्याशी फट राहते. त्यानंतर एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाला सिरिंज लावा, जोड रॉकेलमध्ये बुडवा आणि हवा दाबून पाहा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी रबराच्या कारखान्यात काम केले आहे, म्हणून एवढीच भर घालतो की व्हायटन ॲसिटोनपुढे टिकत नाही, फुगून खराब होते. टाकी किंवा नळ्या साफ करताना ॲसिटोन अजिबात वापरू नये. साफ करायचेच असेल तर स्वच्छ रॉकेल पुरेसे आहे.

टाकी भरलेली ठेवण्याविषयी म्हणाल, तर पीव्हीसीच्या नळीसाठी तो इलाज तात्पुरता चालतो, कारण ती सुकत नाही. पण पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, अडीच लिटर रॉकेल विमानात साठवून ठेवणे मला आगीच्या दृष्टीने धोक्याचे वाटते. व्हायटन घातल्यावर टाकी रिकामी ठेवली तरी नळीचे काही बिघडत नाही, त्यामुळे हा वादच उरत नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल इतवारीतून आणलेल्या ‘व्हायटन’चा १० सेंटिमीटरचा तुकडा सराफाकडच्या तराजूवर ठेवला, तेव्हा तो २.६ ग्रॅम भरला. नळी ३ बाय ६ मिलिमीटरचीच होती, म्हणजे हे नायट्राइलच असणार. दुकानदाराने फारशी खळखळ न करता पैसे परत दिले. बहुधा त्यालाही वरून तसेच सांगून माल दिला गेला असावा.

आता ४ बाय ७ मिलिमीटरची नळी मुंबईहून मागवत आहे. त्या मापाच्या १० सेंटिमीटर तुकड्यात रबराचे आकारमान सुमारे २.६ घन सेंटिमीटर येते, तेव्हा वजन साडेचार ग्रॅमच्या वर अपेक्षित आहे. मधला भाग पितळी ठेवण्याची सूचना मला विशेष पटली, कारण आजवर मी लवचीकतेच्याच मागे लागलो होतो आणि नवी नळीही पुढे दुमडू शकते हे लक्षातच आले नव्हते. एक शंका तेवढी राहते. माझ्या टाकीचे तोंड लहान आहे आणि वीतभर लांबीत पितळी भाग किती ठेवावा, म्हणजे ही जोडणी तोंडातून आत घालताना व्हायटनच्या तुकड्यांवर ताण येणार नाही? कोणी अशा अरुंद तोंडाच्या टाकीत हे बसवले असल्यास तुकड्यांची मापे कृपया द्यावीत.

प्रतिसाद १

माझ्या एका टाकीचे तोंड असेच लहान आहे. तिथे मी पितळी तुकडा ७ सेंटिमीटरचा ठेवला असून स्टॉपरकडचे (टाकीच्या तोंडाच्या बुचाकडचे) व्हायटन ५ आणि क्लंककडचे ४ सेंटिमीटर आहे. पितळेवर चढलेला भाग यात धरलेला नाही. आत घालताना आधी क्लंक, मग पितळी भाग तिरपा करून घालावा आणि स्टॉपर सर्वांत शेवटी बसवावा. तारेच्या पिळाची टोके मात्र वाकवून नळीला समांतर दाबून टाका, नाहीतर ती टाकीच्या आतल्या बाजूला ओरखडे काढतात.