चोपड्यातील जुने धाब्याचे घर : ठेकेदार कसा निवडावा आणि खर्चाचा अंदाज कसा काढावा?

तापीकाठ (प्रश्न)
नमस्कार. चोपडा येथील आमच्या वडिलोपार्जित घराची ओसरी व मधले दोन खण धाब्याचे (लाकडी तुळया-कड्यांवर मातीचा थर दिलेल्या सपाट छताचे) असून मागचा भाग नंतर बांधलेल्या स्लॅबचा आहे. धाबे उतरवून तेथे स्लॅब टाकणे, न्हाणीघर व शौचालय घरात घेणे आणि वायरिंग व नळजोडणी संपूर्ण नवी करणे असा विचार आहे. एका ठेकेदाराने माल-मजुरीसह चौरस फुटाला १६०० रुपये सांगितले, दुसऱ्याने उक्ते (संपूर्ण कामाचे एकरकमी) १८ लाख, तर तिसरा केवळ मजुरीवर काम घेण्यास तयार आहे. यांपैकी कोण स्वस्त, हेच कळत नाही. मी पुण्यात असतो. देखरेखीला वडील आहेत.

निवृत्त अभियंता, धुळे
हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या कामांचे आहेत, म्हणून त्यांची तुलना होणार नाही. चौरस फुटाचा दर मोकळ्या प्लॉटवरील नव्या बांधकामाला चालतो; जुन्या घरात धाब्याची माती उतरवून वाहून नेणे, शेजारच्या सामाईक भिंतीला टेकू देणे, भिंती फोडून पुन्हा बुजवणे ही कामे त्यात मावत नाहीत आणि पुढे ‘जादा काम’ म्हणून बिलात येतात. आधी स्थानिक अभियंत्याकडून मोजमाप घेऊन बाबवार परिमाणपत्रक (कोणते काम किती मापाचे, याची यादी) करून घ्यावे आणि तोच कागद तिघांना द्यावा. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची पडताळणीसाठी उपयोगी पडते, मात्र बाजारभाव तिच्याशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

खर्चाचा मोठा फरक घराचा पाया कसा घ्यावा लागतो यात आहे. भिंती मातीच्या जोडणीतल्या असतील तर त्यांवर थेट स्लॅब न टाकता कॉलम-बीमचा स्वतंत्र सांगाडा उभारावा. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहिल्याशिवाय कोणी पायाचा आकडा सांगत असेल, तर तो अंदाज नव्हे, अटकळ आहे. जुना स्लॅब व नवा सांगाडा जिथे भेटतात तिथे सांधा मोकळा ठेवावा, अन्यथा तडा ठरलेलाच. एकूण रकमेवर निदान १५ टक्के राखीव धरावेत.

पारोळ्याचा ठेकेदार
साहेबांशी सहमत आहे, पण आमचीही बाजू ऐकावी. उक्ता आकडा मोठा वाटतो, कारण भिंत उघडल्यावर आत काय निघेल याची जोखीम आम्ही भावात धरतो. काम ठरवण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी गिलावा खरवडून आणि धाब्याचा एक कोपरा उघडून दाखवलात, तर भाव निश्चितच खाली येईल. गिलाव्याच्या मोजणीत दारे-खिडक्यांची वजावट कशी होईल, पाणी व वीज कोणाची, सेंट्रिंगचे (स्लॅब ओतताना खाली लावायच्या फळ्या व टेकूंचे) साहित्य कोणाचे, हेही लिहून घ्यावे. नळाला रोज पाणी येत नसेल तर टँकरचा खर्च वेगळा धरावा, कारण आपल्या उन्हात स्लॅबवर आळी (छोटे बांध घालून केलेले वाफे) करून निदान दहा दिवस पाणी साठवून ठेवावेच लागते.

भुसावळकर
वडील एकटे असतील तर केवळ मजुरीचा मार्ग घेऊ नये. सिमेंट, वाळू, खडी कधी संपली आणि कोण आणणार यातच त्यांचा दिवस जाईल. पैसे तारखेनुसार न देता टप्प्यानुसार द्यावेत : पाया, प्लिंथ (जोते), स्लॅब, गिलावा, फिनिशिंग. शेवटचे पाच-दहा टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावेत. लोखंड आल्यावर वजन तपासणे अवघड नाही : १२ मिमीची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते.

तापीकाठ
आभारी आहे. एक शंका उरते. उक्त्या भावात ‘जुना माल ठेकेदाराचा’ अशी अट आहे. ती मान्य करावी का?

निवृत्त अभियंता, धुळे
मुळीच नाही, निदान लाकूड मोजल्याशिवाय तरी नाही. जुन्या सागवानी तुळया व कड्या कोरड्या आणि कीड न लागलेल्या असतील तर त्यांना चांगली किंमत येते, आणि १८ लाखांचा आकडा त्याच भरवशावर कमी दिसत असावा. प्रत्येक नगाची लांबी, रुंदी व जाडी घेऊन घनफूट काढा, लाकूडवखारीतून भाव विचारा आणि ती रक्कम कंत्राटात वजावट म्हणून दाखवण्यास सांगा. ठेकेदार त्याला नकार देत असेल, तर लाकूड स्वतः विकून उतरवण्याची मजुरी वेगळी ठरवावी.