गॅरी ओवेन: सुरुवात कुठल्या नाटकापासून करू? (बजेट ५०० रु.)

नाट्यवेडा_सांगली: वेल्सच्या गॅरी ओवेन या नाटककाराचं नाव बरंच ऐकलंय. आमच्या गटात अभिवाचन करायचंय, वाचणारे तिघेही पुरुष. कुठलं पुस्तक घेऊ? टपालखर्च धरून पाचशेच्या आत बसवा.

लंडनकर_मावशी: डोळे झाकून 'आयफिजिनिया इन स्प्लॉट'! २०२२ मध्ये लंडनला हॅमरस्मिथच्या लिरिक थिएटरात सोफी मेलव्हिलचा प्रयोग पाहिला. रंगमंचावर एकटी बाई. कार्डिफच्या स्प्लॉट भागातली एफी, सकाळपासून दारू, येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडण. सुरुवातीला नकोशी वाटते. मग दिवस भरायच्या आत कळा सुरू होतात, दवाखान्यात बाळासाठी जागा नाही, बर्फातून रुग्णवाहिका निघते... माझ्या शेजारचे आजोबा हुंदके देत होते. तिकिटाचे पैसे विचारू नका.

पोथीनिष्ठ: आधी मूळ ग्रीक कथा वाचा. तिथे अनुकूल वाऱ्यासाठी राजा अ‍ॅगामेम्नॉन आपल्या मुलीचा, आयफिजिनियाचा, बळी देतो, इथे सरकारी खर्चकपातीपायी एफीचा बळी जातो. हे माहीत नसेल तर अर्धं नाटक डोक्यावरून जाईल.

तिसरी_घंटा: काही जात नाही. मला ग्रीक ओ की ठो कळत नाही, तरी रात्रभर झोप आली नाही.

चष्मेबद्दूर७२: आयफिजिनियाच घ्या. मी जुनी प्रत मागवली होती, अर्ध्या पानांवर पिवळ्या हायलायटरचे पट्टे. विक्रेता फोनच उचलत नाही. नवीच घ्या, हजार गेले तर गेले.

विंगेतला: अहो, तिघे पुरुष आहेत म्हणतोय तो! 'किलॉलॉजी' घे रे. २०१७ चं, कार्डिफच्या शर्मन थिएटरचं, २०१८ मध्ये ऑलिव्हिए हा ब्रिटिश नाट्यपुरस्कार मिळाला. पात्रं तीन, तिन्ही पुरुष. एक व्हिडिओ गेम आहे, माणसाला जितकं हालहाल करून माराल तितके गुण जास्त. पण खरं नाटक बापलेकांचं. बरंचसं स्वगतातच आहे, त्यामुळे हातात कागद घेऊन बसलात तरी चालतं. आणि तिकीट लावणार असाल तर हक्कांची परवानगी आधी काढा, भाषांतर करणार असाल तरीही.

पोथीनिष्ठ: व्हिडिओ गेम? सांगलीच्या प्रेक्षकाला?

तिसरी_घंटा: सांगलीत मोबाइल पोचले नाहीत असं वाटतं का तुम्हाला?

लंडनकर_मावशी: एफी पुरुषानेही करायला हरकत नाही. फक्त 'क्रेझी गॅरीज मोबाइल डिस्को' घेऊ नका. २००१ चं, अगदी सुरुवातीचं. नुसता शिव्यांचा पाऊस.

नाट्यवेडा_सांगली: सगळ्यांचे आभार. मावशी, तुम्ही नको म्हणालात म्हणून तेच शोधलं. छोट्या वेल्श गावातले तिघे पुरुष, तिघांची तीन स्वगतं. प्रत्येकाला एकेक, भांडण नाही! जुनी प्रत टपालासकट ४६० ला मिळाली, मागवली.

चष्मेबद्दूर७२: विक्रेता कोण? हायलायटरचं विचारलंत का?

लंडनकर_मावशी: वाचा हो, वाचा. पण आयफिजिनिया ते आयफिजिनिया.